पेशीच्या जन्माचा धडा गोबरगॅसच्या टाकीपाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘फार पूर्वी एका मोठ्या जीवाणूने एक लहान जीवाणू गिळला, तो पचला नाही, आतच राहिला आणि त्याची तंतुकणिका झाली.’ शिकवणी वर्गांत, विज्ञान पुरवण्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत हे वाक्य थोड्याफार फरकाने भेटतेच. माणसाची, उसाची, तुळशीची आणि डबक्यातल्या अमिबाची पेशी मुळात कशी घडली, याचे उत्तर म्हणून मुले ते पाठ करतात. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा अवयव) एके काळी स्वतंत्र जीवाणू होती, एवढा भाग त्यात पक्का आहे. बाकीचे मात्र मागे पडले आहे. यजमान जीवाणू नव्हता. त्याला गिळता येत होते, याला आधार नाही. आणि दोघे एकत्र राहिलेच का, हा खरा प्रश्न तर त्या वाक्यात शिरतच नाही.

गेल्या दहा वर्षांत या विषयात जे हाती आले ते समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचित असेल. इथे डिस्टिलरी असलेले साखर कारखाने आहेत, स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी, कुजवणारे त्यांचे डायजेस्टर आहेत, वस्त्यांवर गोबरगॅसच्या टाक्या आहेत. ज्या देवाणघेवाणीतून गुंतागुंतीची पेशी जन्मली असे आज बहुतेक संशोधक मानतात, तिच्याच जातीची देवाणघेवाण या टाक्यांत रात्रंदिवस चालू असते. आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हा धडा तिथून सुरू करावा, म्हणून हे पत्र.

आधी यजमान कोण ते पाहू. १९७७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवले की, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव दिसायला जीवाणूंसारखे असले तरी त्यांचे घराणे वेगळे आहे. हे घराणे म्हणजे आर्किया. फरक वरवरचा नाही. जीवाणूंच्या पटलात मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात. आर्कियांच्या पटलात आयसोप्रीनच्या साखळ्या ईथर बंधाने जोडलेल्या असतात आणि ग्लिसरॉलसुद्धा उलट हाताचे असते. भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसते, त्यामुळे पेनिसिलीन गटाच्या औषधांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. आणि डीएनए वाचून प्रथिने बनवण्याची त्यांची यंत्रणा जीवाणूंपेक्षा आपल्या पेशीला जवळची आहे. गोबरगॅसच्या बर्नरवर जी निळी ज्योत दिसते, तिच्यातला मिथेन याच घराण्याने बनवलेला असतो.

आता टाकीत काय चालते ते जरा बारकाईने पाहावे लागेल, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. तो गडद तपकिरी आणि आम्लधर्मी असतो, पीएच ४च्या आसपास, आणि त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. विनॉक्सी (ऑक्सिजन नसलेल्या) डायजेस्टरमध्ये ३६-३७ अंश सेल्सिअसला, ७च्या थोड्या वरच्या पीएचला त्याचे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतात. हे एकट्यादुकट्या सूक्ष्मजीवाचे काम नाही. पहिली टोळी साखरेचे आणि प्रथिनांचे तुकडे करून आम्ले बनवते. प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लांपर्यंत येऊन ही गाडी अडते, कारण पुढची पायरी ऊर्जेच्या हिशेबात तोट्याची आहे. एक मोल प्रोपिओनेटचे अ‍ॅसेटेट, बायकार्बोनेट आणि हायड्रोजन करायचे तर प्रमाण परिस्थितीत ७६ किलोज्यूल पदरचे घालावे लागतात. अशा धंद्यावर कोणताही जीव जगत नाही.

पण तयार झालेला हायड्रोजन कोणी जागच्या जागी उचलून नेला, तर हिशेब उलटतो. वायूत हायड्रोजनचे प्रमाण दहा हजारांत एक भागापेक्षा कमी राहिले की हीच पायरी नफ्याची होते. हायड्रोजन उचलण्याचे काम मिथेनकारी आर्किया करतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हेच त्यांचे खाद्य. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे अन्न, आणि दुसऱ्याने तो उचलला नाही तर पहिल्याची उपासमार. अशा जोडीला सहपोषण म्हणतात. ही जोडी इतकी घट्ट असते की ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा एकच शुद्ध जीव आहे असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अनेक वर्षे समजत होते. अल्कोहोल खाऊन मिथेन देणारा एक जीव, अशी त्याची पुस्तकात नोंद होती. १९६७ साली ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ यांनी दाखवले की ते दोघे आहेत: एक जीवाणू अल्कोहोलपासून अ‍ॅसेटेट आणि हायड्रोजन बनवणारा, दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करणारा. पहिल्याला एकटे वाढवले की थोडे वाढून तो थांबतो. यातले राल्फ वुल्फ हे पुढे वोज यांच्या कामातले सहकारी होते. वोज यांना मिथेनकारींचा पुरवठा आणि त्यांना वाढवण्याची हातोटी त्यांच्याकडूनच मिळाली.

डायजेस्टर सांभाळणाऱ्यांना ही जोडी तुटली की काय होते ते पुस्तकाशिवाय ठाऊक असते. गाळप जोरात असताना स्पेंट वॉशचा भार एकदम वाढवला की पहिली टोळी भराभर आम्ले बनवते. तिची वाढ तासांच्या हिशेबात होते, मिथेनकारींची दिवसांच्या. हायड्रोजन साठतो, प्रोपिऑनिक आम्ल अडून बसते, आणि डायजेस्टर ‘आंबट’ होतो. इथे हमखास एक गल्लत होते: पीएच ठीक दिसतोय म्हणून भार तसाच ठेवला जातो. पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल जिरवण्याची क्षमता, बरेच दिवस पीएच सावरून धरते. आधी बिघडते ते बाष्पनशील आम्ले आणि अल्कलिनिटी यांचे गुणोत्तर. ते ०.३च्या खाली असेल तर प्रकृती उत्तम, ०.४च्या वर चढू लागले की भार कमी करायलाच हवा. पीएच ६.५च्या खाली दिसेपर्यंत थांबले तर मिथेनकारी आधीच गारठलेले असतात. मग भार बंद करणे, चुना किंवा सोडा घालणे, चालू टाकीतला गाळ आणून विरजण लावणे, आणि वाट पाहणे, एवढेच हातात उरते.

दुसरी चूक कमी लोकांच्या लक्षात येते. गॅस वाढावा म्हणून ढवळणी फार जोरात ठेवली तर जोडीदारांचे गुच्छ फुटतात. हायड्रोजन एकाकडून दुसऱ्याकडे पाण्यातून विसरणाने जातो. मधले अंतर निम्मे झाले की प्रवाह दुपटीने वाढतो, अंतर वाढले की त्याच हिशेबाने घटतो. म्हणून हे जीव एकमेकांना चिकटून राहतात, दाणेदार गाळ बनवतात. जवळ राहण्यात दोघांचाही रोजचा फायदा आहे. गुंतागुंतीच्या पेशीचा उगम समजायला हे वाक्य कळीचे आहे, कारण एकमेकांत शिरण्याआधी जवळ येण्याचे कारण लागते, आणि ते कारण इथे ऊर्जेच्या हिशेबात मिळते.

आता समुद्राकडे वळू. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रात ‘लोकीचा किल्ला’ नावाची उष्णोदकाची झोत-भेग आहे. तिच्यापासून काही किलोमीटरवर, सुमारे ३,३०० मीटर खोलीवरच्या गाळातून काढलेला डीएनए थाइस एटेमा यांच्या स्वीडनमधल्या गटाने वाचला आणि २०१५ साली एका नव्या आर्कियाची जनुके जाहीर केली. (बातम्यांत तो ‘उकळत्या झऱ्यातला’ म्हणून आला. नमुना थंड गाळातला होता.) त्या जनुकांत अ‍ॅक्टिनसारखी प्रथिने होती, पटल चिमटून तोडणाऱ्या एस्कॉर्ट यंत्रणेचे भाग होते, पेशीच्या आतली वाहतूक चालवणाऱ्या लहान जीटीपेझ प्रथिनांचे नातलग होते. तोवर हा सगळा संच फक्त आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशींची मिरास समजला जाई. पुढे याच कुळातले आणखी गट सापडले आणि २०१७मध्ये सगळ्यांना मिळून अ‍ॅसगार्ड आर्किया हे नाव पडले. आज जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षांत आपली पेशी अ‍ॅसगार्डांच्या शेजारी नव्हे, त्यांच्या पोटातल्या एका फांदीवर बसते.

पण हे सगळे डीएनएच्या तुकड्यांवरून. जीव कोणी पाहिलेला नव्हता. तो दाखवला जपानच्या हिरोयुकी इमाची यांच्या गटाने, २०२० साली. त्यांच्या कामाची पद्धत सोलापूरच्या वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जपानजवळच्या नानकाई खंदकाच्या भागात २,५३३ मीटर खोलीवरचा गाळ त्यांनी २००६मध्ये काढला. तो वाढवायला त्यांनी जी जैवभट्टी, म्हणजे रिअ‍ॅक्टर, वापरली ती मूळची सांडपाणी शुद्धीकरणातली: पॉलियुरेथेनचे स्पंज टांगायचे आणि त्यांवरून द्रव झिरपत सोडायचा. हरियाणात कर्नाल इथे सांडपाण्यावर याच तत्त्वाचे संयंत्र चालवून तपासले गेले आहे. इमाचींनी तिच्यात हवेऐवजी मिथेन सोडला, तापमान १० अंश ठेवले आणि दोन हजारांहून अधिक दिवस ती चालू ठेवली. स्पंजाच्या छिद्रांत संथ वाढणारे जीव टिकून राहतात, वाहून जात नाहीत, हा तिचा गुण.

त्यानंतर त्या गाळाचे थोडे थोडे भाग बंद नळ्यांत, २० अंशांवर, अमिनो आम्लांच्या खाद्यावर आणि जीवाणूंना रोखणारी चार प्रतिजैविके घालून ठेवले. जीवाणू दबले, आर्किया तगले. साधारण वर्षभराने एका नळीत पाणी किंचित गढूळ झाले. पुढच्या वाढीसाठी दुधाची भुकटीही वापरून पाहिली. सगळे मिळून बारा वर्षे गेली. जीवाचे नाव ठेवले ‘प्रोमिथिओआर्कियम सिंट्रॉफिकम’. नावातच सहपोषण आहे. त्याची संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. ई. कोलायला अनुकूल परिस्थितीत २० मिनिटे पुरतात.

हा जीव कसा जगतो? अमिनो आम्ले मोडतो आणि हायड्रोजन किंवा फॉर्मेट बाहेर टाकतो. ते उचलायला शेजारी मिथेन करणारा आर्किया किंवा सल्फेट वापरणारा जीवाणू लागतोच. जोडीदार काढून घेतला तर वाढ थांबते. म्हणजे आपल्या डायजेस्टरमधलाच करार. आकाराने तो मिलीमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा, गोल. आत केंद्रक नाही, कप्पे नाहीत. अ‍ॅक्टिनची जनुके पाहून ज्यांनी ‘हा गिळत असणार’ असा अंदाज बांधला होता, त्यांना इथे थांबावे लागले, कारण गिळताना तो दिसलाच नाही. मात्र वाढ संपत आली की त्याला लांबच लांब, फांद्या फुटलेले धागे येतात. पुढे ऑस्ट्रियातल्या क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या गाळातून दुसरा अ‍ॅसगार्ड वाढवला. त्याच्या धाग्यांत अ‍ॅक्टिनचा सांगाडा थेट दिसला.

यावरून इमाचींनी मांडलेला क्रम असा: धाग्यांनी शेजाऱ्याला वेढणे, धाग्यांचे पापुद्रे फुगून एकमेकांना जुळणे, त्यात शेजारी आत अडकणे, आणि मग त्याचे अवयवात रूपांतर. यात तोंड उघडून घास घेणे कुठेच नाही. गिळण्याची कला पुढे आली असावी, कारण ती महागडी आहे. पटलाची सतत घडी-उलगड, सांगाड्याची बांधणी-मोडणी, पोटातले पाचक कप्पे, या सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, लागतो.

या क्रमातला प्रत्येक दुवा सर्वांना मान्य आहे असे मुलांना सांगू नये. १९९८ साली बिल मार्टिन आणि मिक्लोश म्युलर यांनी हायड्रोजन गृहीतक मांडले तेव्हा त्यांच्या मते हायड्रोजन देणारा तंतुकणिकेचा पूर्वज होता आणि घेणारा यजमान आर्किया. अ‍ॅसगार्डांचा चयापचय पाहिल्यावर २०१९मध्ये दुसऱ्या गटाने दिशा उलटी सुचवली: यजमान देणारा, जीवाणू घेणारा. तंतुकणिका आधी आली आणि तिच्या ऊर्जेवर पेशी मोठी झाली, की पेशीने थोडी गुंतागुंत आधीच कमावली होती, यावर निक लेन आणि मार्टिन एका बाजूला आणि मायकेल लिंच दुसऱ्या बाजूला असा वाद आजही चालू आहे. पटलाचे कोडेही आहेच. यजमान आर्किया, मग आपल्या पेशीचे पटल जीवाणूंच्या धर्तीचे कसे? २०१८मध्ये ई. कोलायमध्ये दोन्ही प्रकारची मेदे एकत्र बनवून पाहिली तेव्हा ती पेशी जगली, म्हणजे संक्रमणातला मिश्र टप्पा अशक्य नाही एवढे तरी कळले. वादाचा हा भाग शिकवायलाच हवा. विद्यार्थ्याला पुराव्यावरून दोन बाजू तोलता येणे हे पाठांतरापेक्षा आम्हाला मोलाचे वाटते.

तंतुकणिकेच्या जीवाणूपणाचा पुरावा मात्र निर्विवाद आहे, आणि तो दवाखान्यातही भेटतो. रशियाच्या मेरेझ्कोव्स्कींनी १९०५ सालीच हरितलवके म्हणजे आत राहायला आलेले पाहुणे, असे लिहिले होते. १९६७मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी पंधराएक नियतकालिकांचा नकार पचवून आपला लेख छापून आणला, पण लोक खऱ्या अर्थाने मानू लागले ते तंतुकणिकेचा डीएनए वाचल्यावर. माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ अक्षरांचे वर्तुळाकार डीएनए आहे, जनुके ३७. तिला स्वतःचे रायबोसोम आहेत आणि त्यांची घडण जीवाणूंच्या रायबोसोमच्या वंशातली आहे. म्हणून जीवाणूंचे रायबोसोम बंद पाडणारी काही औषधे तंतुकणिकेलाही झोंबतात. क्लोरॅम्फेनिकॉलने अस्थिमज्जेचे काम मंदावते. लिनेझोलिड दीर्घकाळ दिले तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकते. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या रायबोसोमल आरएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी ‘ए’चा ‘जी’ झालेला असतो. त्या एका अक्षराने तो भाग जीवाणूंच्या आरएनएसारखा होतो, आणि जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या नेहमीच्या मात्रेनेही ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. तंतुकणिका आईकडूनच येते. त्यामुळे आईच्या बाजूच्या नातलगांत इंजेक्शननंतर बहिरेपण आले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दीडशे कोटी वर्षांहून जुन्या घटनेचा असा ठसा ओपीडीत उमटतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्ग आपोआप शांत होतो.

पाहुणा अवयव कधी होतो? आत राहिल्याने नव्हे. कीटकांच्या पेशींत राहणारे जीवाणू कितीतरी आहेत. कसोटी प्रथिनांच्या आयातीची आहे. माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने काम करतात आणि त्यांपैकी फक्त १३ ती स्वतः बनवते. बाकीच्यांची जनुके केंद्रकात आहेत. प्रथिने बाहेर बनतात, त्यांच्या टोकाला पत्ता चिकटवलेला असतो आणि टॉम व टिम नावाच्या दारांतून ती आत घेतली जातात. जनुके यजमानाच्या ताब्यात गेली की परतीचा रस्ता बंद. हे आजही घडते याचा ताजा दाखला २०२४ सालचा: ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या समुद्री शैवालात हवेतला नायट्रोजन बांधणारा एक सायनोबॅक्टेरियम राहतो. तो यजमानाकडून पत्ता लावलेली प्रथिने घेतो आणि यजमानाबरोबरच ठरल्या वेळी विभागतो, हे सिद्ध झाले. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या तालुक्यांत या शोधाची बातमी पहिल्या पानाच्या लायकीची होती, असे आमचे मत आहे.

काळाचा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. सोलापूरच्या पायाखालचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, लाव्हाचा. त्यात या घटनेची खूण मिळणार नाही. पण आपल्याच देशात, चित्रकूटच्या विंध्य खडकांत, सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे तंतूंसारखे जीवाश्म मिळाले आहेत. २०१७मध्ये त्यांचे वर्णन लाल शैवालासारखे म्हणून झाले. ते लाल शैवालच का, यावर चर्चा आहे. गुंतागुंतीच्या पेशी तोवर अस्तित्वात होत्या, याला जगातल्या इतर ठिकाणांच्या जीवाश्मांचाही दुजोरा मिळतो.

आता प्रयोग. सहपोषण तुटताना पाहायचे तर एक लिटरच्या दोन प्लास्टिक बाटल्या पुरतात. चालू गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर पडणारी स्लरी फडक्यातून गाळून प्रत्येकीत ८०० मिली भरावी. ताजे शेण घेऊ नये, त्यात मिथेनकारी पुरेसे वाढायला आठवडे जातात. पहिल्या बाटलीत १ ग्रॅम साखर, दुसरीत २० ग्रॅम. झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवावी, फट मेणाने बुजवावी आणि नळीचे दुसरे टोक मिठाच्या पाण्याने भरून उलट्या धरलेल्या बाटलीत सोडावे. मिठाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो, म्हणून मीठ. मार्चमध्ये आपल्याकडे खोलीत लागते तेवढी ऊब आपसूक मिळते. डिसेंबरात केला तर प्रयोग रेंगाळतो आणि मुले कंटाळतात.

पहिल्या दोन दिवसांत दुसऱ्या बाटलीतून जास्त गॅस येईल आणि मुले म्हणतील, जास्त साखर चांगली. तिथेच थांबवून त्या गॅसची तपासणी करावी. प्रयोगशाळेत शिक्षकांनी स्वतः तो कॉस्टिक सोड्याच्या विरल द्रावणातून न्यावा. त्यातला बराच भाग कार्बन डायऑक्साइड असल्याने शोषला जातो. रोज पीएच पट्टी लावावी. दुसऱ्या बाटलीचा पीएच ६च्या खाली घसरतो, आंबूस वास येतो आणि गॅस थांबतो. पहिली संथपणे मिथेन देत राहते. एक ग्रॅम साखरेपासून हिशेबाने साडेतीनशे ते चारशे मिली मिथेन निघायला हवा. मात्र स्लरीतले उरलेले शेणही थोडा गॅस देते, म्हणून साखर न घातलेली तिसरी बाटली ठेवून तिचा गॅस वजा करावा. ही तिसरी बाटली गाळली की सगळे आकडे फसतात. बाटलीचे तोंड कधीही घट्ट बंद ठेवू नये, जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर ताज्या थेंबावर ४२० नॅनोमीटरचा प्रकाश टाकावा. मिथेनकारी त्यांच्यातल्या एफ-४२० सहविकरामुळे निळसर हिरवे चमकतात. तीव्र प्रकाशात ही चमक भराभर ओसरते, म्हणून प्रकाश टाकला की लगेच पाहावे.

डायजेस्टर दाखवायला कारखान्यावर सहल न्यायची तर नमुना नळापाशीच घ्यावा. टाकीच्या झाकणावर वाकणे, मोकळ्या केलेल्या टाकीत उतरणे हे कोणाच्याही आग्रहाने होऊ देऊ नये. हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही बेशुद्ध पडतो.

आणि तंतुकणिका पाहायला आपल्या बाजार समितीतला कांदा आहेच. पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा अर्धा सेंटिमीटर सोलावा, ५ टक्के साखरेच्या पाण्यात केलेले ०.०१ टक्के जेनस ग्रीन बी त्यावर घालून दहाएक मिनिटे ठेवावा आणि ४०च्या भिंगाखाली पेशीच्या कडेने वाहणाऱ्या द्रवात पाहावे. बारीक निळसर हिरवे कण सरकताना दिसतात. त्या कणांतले श्वसनाचे विकर रंगद्रव्याला ऑक्सिडीकृत ठेवते, बाकीच्या पेशीद्रवात त्याचा रंग जातो. रंग दाट केला तर पेशी मरते आणि केंद्रकच रंगून बसते. बहुतेक प्रात्यक्षिकांत मुले तेच पाहून वहीत तंतुकणिका काढतात. आच्छादन काच ठेवून फार वेळ गेला तर खालचा ऑक्सिजन संपतो आणि कण आधी गुलाबी, मग रंगहीन होतात. तसे झाले तर काच उचलून हवा लागू द्यावी.

सोलापूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या जीवशास्त्र शिक्षकांनी या दोन प्रात्यक्षिकांची एकत्र जोडी लावावी, आधी टाकीतली भागीदारी, मग कांद्यातला भागीदार, अशी विनंती आहे. आपल्या दैनिकालाही एक विनंती. पुरवणीत पुढच्या वेळी पेशीच्या उगमाची आकृती छापाल तेव्हा मोठ्या पेशीखाली ‘जीवाणू’ऐवजी ‘अ‍ॅसगार्ड आर्किया’ असे लिहावे, तिचे उघडे तोंड काढून टाकावे, आणि दोन पेशींच्या मधे हायड्रोजनचा बाण दाखवून त्याच्या दोन्ही टोकांशी प्रश्नचिन्ह ठेवावे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन शिक्षक
सोलापूर